मायला गावी न्यायचे होते

वाचकहो, उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या वस्तीत एकच विचारणा सुरू होते, "गावाला कधी निघणार?" एके काळी या प्रश्नाचे उत्तर एस.टी.च्या आरक्षण खिडकीवर, नाहीतर रेल्वेच्या जनरल डब्याच्या दारात मिळत असे. आता समाजमंदिराच्या मागच्या मोकळ्या जागेत जुन्या मोठ्या गाड्या उभ्या दिसतात. कुणाची बोलेरो, कुणाची सुमो, कुणाची टवेरा. पेपरवाले त्यांना एसयूव्ही म्हणतात, आपण जीपगाडी म्हणतो. पतपेढीचे कर्ज काढून, पी.एफ.ची उचल घेऊन आपल्या पोरांनी त्या घेतलेल्या असतात. आपल्या माणसाच्या दारात चार चाके उभी राहिली याचा आनंद आम्हालाही होतो. पण जुनी गाडी गल्लीत फिरवणे वेगळे आणि तिच्यात घरची माणसे घालून चारशे किलोमीटर गावाकडे निघणे वेगळे. या वेळी त्यावरच चार शब्द लिहितो, तेही आमच्याच घरात घडले त्यावरून.

आमचे मूळ गाव बुलढाणा जिल्ह्यात, मेहकरच्या पुढे. राहतो कल्याणला. आमची माय ऐंशी पार केलेली. दोन्ही गुडघे गेलेले. एस.टी.ची पायरी तिला चढवत नाही आणि रेल्वेच्या पुलाचे नाव काढले तरी ती हात जोडते. गेली चार वर्षे तिने गाव पाहिलेले नाही. दर उन्हाळ्यात म्हणते, "एकदा घर दाखवा रे बापा." आमचा भाचा, धाकट्या बहिणीचा मुलगा, भिवंडीच्या गोदामात रात्रपाळी करतो. त्याने मनावर घेतले आणि २०१३ सालची बोलेरो विकत आणली. आजीला तो म्हणाला, "आता तुला दारातून उचलून दारात उतरवतो."

माय काही बोलली नाही. त्याचे कारण भाच्याला ठाऊक नव्हते, आम्हाला होते. १९९८ साली आमचे थोरले बंधू गावाकडच्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये गेले. दहा माणसांच्या गाडीत सोळा बसलेले, उतार होता, ब्रेक लागला नाही. त्यानंतर माय जीपगाडीत बसलेली नाही.

म्हणून आम्ही भाच्याला म्हणालो, "गाडी निघायला तीन आठवडे आहेत. तेवढ्यात ती आम्हाला आतून-बाहेरून पाहू दे." तो हसला. "मामा, गाडी एकदम मख्खन आहे. मीटर पाहा, ब्याऐंशी हजारच चाललीय."

मीटर पाहिले. मग क्लच आणि ब्रेकच्या पायपट्ट्या पाहिल्या. त्यांचे रबर नवे कोरे. बारा-तेरा वर्षांच्या गाडीत रबर नवे असेल तर जुने कुठे गेले हा प्रश्न पडायला हवा. स्टिअरिंग हातांनी घासून गुळगुळीत झालेले, ड्रायव्हरच्या आसनाचा स्पंज बसलेला, आणि आधीच्या मालकाची सर्व्हिसची पावती एकही नाही. मीटर मागे फिरवता येते, वाचकहो, स्टिअरिंगवरची झीज मागे फिरवता येत नाही. ज्या दलालाकडून गाडी घेतली त्याने फोन उचलणे केव्हाच बंद केले होते. तेव्हा आकडा विसरून गाडी भरपूर चाललेली आहे असे धरूनच कामाला लागायचे ठरले.

पहिले भांडण कागदांवरून झाले. आर.सी. अजून जुन्या मालकाच्याच नावावर. "नावावर होईल सावकाश," असे दलालाने सांगितलेले. आम्ही म्हणालो, आधी हे. फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर दोघांच्या सह्या, गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे फॉर्म ३५, आणि गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिकडचे ना-हरकत पत्र. हे नुसते सरकारी सोपस्कार नव्हेत. गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांत विमाही आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज द्यावा लागतो. रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणाला इजा झाली तर त्याची भरपाई जुन्या विम्यातून मिळू शकते. पण आपल्या गाडीचे नुकसान आणि मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा यांसाठी कागदावर आपलेच नाव लागते. घरचा कमावता माणूस गेला आणि विमा दुसऱ्याच्या नावावर निघाला तर बाईने कुणाच्या दारात जायचे? भाचा दोन दिवस गाल फुगवून होता, तिसऱ्या दिवशी जुन्या मालकाला गाठून सह्या घेऊन आला. पी.यू.सी. काढली. २०१९च्या एप्रिलआधीच्या गाड्यांना लागणारी नवी सुरक्षा नंबरपाटीही बसवून घेतली. गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल तर फेरनोंदणीची तारीखही बघून ठेवावी, कारण ती संपल्यावर दंड तर पडतोच, विमाही अडचणीत येतो.

दुसरे भांडण टायरवरून, आणि ते मोठे झाले.

चारही टायर काळे कुळकुळीत, चकचकत होते. भाचा खूश. टायरच्या अंगावर लहान अक्षरांत एक लंबगोल चौकट असते, तिच्यात चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. आम्ही चष्मा लावून, मांडी घालून बसलो आणि वाचत गेलो. पुढचे दोन २०१७चे, मागचे दोन २०१८चे, आणि स्टेपनी २०१३ची, म्हणजे गाडीच्याच वयाची. वरचा चकचकाट पॉलिशचा. नखाने रबर दाबले तर रेषा-रेषांच्या बारीक भेगा उघडत होत्या. नक्षी अजून शिल्लक होती, म्हणून भाच्याला वाटले की टायर चांगला. नक्षी कायद्याने १.६ मिलिमीटर तरी हवी हे खरे, पण रबर नुसते चालून संपत नाही, पडून पडूनही संपते. उन्हाने ते कडक होते आणि आतली तारांची वीण सुटू लागते.

वस्तीत फिरणाऱ्या गाडीला हे टायर आणखी वर्ष काढतीलही. आम्हाला जायचे होते समृद्धी महामार्गाने. नागपूर ते शिर्डी रस्ता ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे हा तुकडा ५ जून २०२५ रोजी. सगळा मिळून ७०१ किलोमीटर. सिमेंटचा, सरळ, विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात दिवसभर तापणारा. टायरमध्ये हवा कमी असली की त्याच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्याला वाकतात-सरळ होतात आणि त्यातून उष्णता होते. वर वजन, खाली तापलेला रस्ता, मध्ये न थांबता वेग, आणि रबर आठ वर्षांचे. अशा वेळी टायर आधी सूचना देऊन फुटत नाही. याच मार्गावर सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३च्या मध्यरात्रीनंतर खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसे गेली. आमच्या गावाकडच्या लोकांना ती जागा पाठ झाली आहे. तिथे नेमके काय चुकले यावर पुष्कळ बोलले गेले आहे. आम्हाला तो वाद घालायचा नाही, पण त्या रस्त्यावर आमच्या मायला २०१७च्या टायरवर बसवायची आमची तयारी नव्हती.

पाच टायरचा खर्च तीस हजारांच्या घरात जाणार होता. भाच्याने ठेवलेले पंधरा हजार सीटकव्हर, गाण्यांची मशीन आणि पुढच्या पांढऱ्या दिव्यांसाठी होते. तो म्हणाला, "मामा, दोनच टाकू, मागचे पुढच्या वर्षी." आम्ही म्हणालो, "मग पुढच्या वर्षी जाऊ." आवाज चढले. आमची बहीण तोवर भाकऱ्या थापत होती. ती उठली, हात धुतले, डब्यातून भिशीचे पैसे आणून मध्ये ठेवले. मुलाला म्हणाली, "गाणं आम्हीच म्हणू गाडीत." एवढेच. त्या बाईने ते पैसे चौदा महिने साठवले होते, स्वतःच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. आम्हाला हे नंतर कळले.

टायर त्याच मापाचे घेतले, २१५/७५ आर १५, आणि दुकानदाराला आठवडा-वर्ष दाखवायला लावले. नवा म्हणून दोन वर्षे गोदामात पडलेला टायर माथी मारतात, ते पाहून घ्यावे. चाकांचे अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घेतले. हवा किती भरायची ते पंपावरच्या पोराला विचारू नये. गाडीच्या पुस्तकात किंवा दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेले असते, मागे ओझे असेल तर आकडा वेगळा असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची.

आणखी एक लहानशी गोष्ट. दुकानात चाकाचे नट हवेच्या यंत्राने इतके घट्ट करतात की रस्त्यात पंक्चर झाले तर हातातल्या पान्याने सुटत नाहीत. आम्ही दारातच भाच्याला पाचही नट सैल करून पुन्हा हाताने आवळायला लावले. पहिला नट सोडवताना तो पान्यावर उभा राहिला. जॅकही लावून पाहिला, तर जॅकचा दांडाच नव्हता! भर उन्हात महामार्गाच्या कडेला हे कळले असते तर काय झाले असते याची कल्पना करा.

मग गाडी मिस्त्रीकडे नेली. जुना ओळखीचा माणूस, कमी बोलणारा. त्याने रेडिएटरचे झाकण उघडले (इंजिन थंड होते. गरम असताना उघडू नका, उकळते पाणी तोंडावर येते) आणि आत बोट घालून आम्हाला दाखवले. बोट तांबडे. वर्षानुवर्षे नळाचे पाणी भरलेले. नळाच्या पाण्याने आतून गंज धरतो, क्षार बसतात, बारीक नळ्या बुजतात. शहरात कळत नाही, घाटात काटा वर चढतो. रेडिएटर उतरवून धुतला, फुगलेले होज पाइप बदलले, कूलंट आणि बॅटरीचे पाणी मिळून नवे भरले. फॅन बेल्टला चिरा होत्या, तोही बदलला. जुना बेल्ट टाकून न देता गाडीतच ठेवला, अडीअडचणीला घर गाठून देतो. डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साचलेले असते, ते सोडले. ज्या इंजिनात टायमिंग बेल्ट असतो तिथे तो कधी बदलला हे विचारावेच, आणि कुणी सांगू शकत नसेल तर बदलावा. तो तुटला की इंजिनच खोलावे लागते.

ब्रेकचे आम्ही जरा सविस्तर सांगतो, कारण थोरल्या बंधूंची आठवण आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते. तीन-चार वर्षांचे जुने तेल काळपट होते, आणि त्यात पाणी मिसळले की ते लवकर उकळते. लांब उतारावर सतत ब्रेकवर पाय ठेवला की चाकाजवळ तेलाची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक दाबला जात नाही. पाय सरळ आत जातो. म्हणून दोन वर्षांनी तेल बदलावे आणि उतारावर गिअर खाली घ्यावा, इंजिनलाच गाडी धरू द्यावी. आपल्याकडे डिझेल वाचवायला घाटात न्यूट्रल करण्याची खोड पुष्कळ ड्रायव्हरांना आहे. काही तर इंजिनही बंद करतात. ब्रेकला जोर देणारा जो डबा असतो तो इंजिन चालू असताना खेचल्या जाणाऱ्या हवेवर चालतो. इंजिन बंद झाले की दोन-तीन दाबांनंतर ब्रेक दगडासारखा होतो. अनेक जुन्या डिझेल गाड्यांत ही हवा खेचणारा पंप डायनामोला जोडलेला असतो, म्हणजे फॅन बेल्ट तुटला तरी तेच. घरच्या घरी तपासायचे असेल तर इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबावा, घट्ट झाला की पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. पाय थोडा खाली गेला तर डबा ठीक आहे. आमच्या बहिणीने हे सगळे उभ्याने ऐकले आणि म्हणाली, "कुकरच्या शिटीसारखंच आहे की, वाफ जाईल तिथे जाते."

मिस्त्रीने पाट्यांना आणि क्रॉसला ग्रीस दिले, पुढचे पॅड बदलले, मागचे लायनर राहू दिले. काही कामे आम्हीच नको म्हटली. रंग नको, पुढचे दिवे पॉलिश करून बल्ब बदलला तेवढे बास. समोरच्याचे डोळे दिपवणारे पांढरे दिवे तर मुळीच नको.

निघायच्या आठ दिवस आधी रविवारी चाचणी घेतली. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाट चढून परत. दुरुस्ती झाल्यावर लगेच लांब निघू नये, शंभर-दीडशे किलोमीटर घराजवळ चालवून पाहावी. घाटात तापमानाचा काटा निम्म्यावर स्थिर राहिला. पण परत आल्यावर गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवला होता, त्यावर सकाळी हिरवट ओघळ. एका पाइपची क्लिप सैल राहिली होती. दोन मिनिटांचे काम. चाचणी न घेता निघालो असतो तर कूलंट वाटेत संपले असते.

आता माणसांचा प्रश्न उरला. गाडी सात आसनी. भाचा, त्याची बायको, दोन पोरे, आजी, बहीण, आमची सौ. असे सात भरले. आम्ही आठवे. "मामा, मागे दाटीवाटीने बसू," भाचा म्हणाला. शेजारचे एक कुटुंब डिझेलचे पैसे द्यायला तयार होऊन रांगेत होतेच. त्यांना नम्रपणे नाही सांगितले. खासगी पाटीच्या गाडीत भाडे घेऊन माणसे नेली तर अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते.

पण खरी अडचण मागच्या दोन आडव्या बाकांची होती. तिथे पट्टेच नव्हते. पोरांना तीच जागा आवडते, मागच्या काचेतून रस्ता दिसतो. अन् धडक बसली की सर्वांत आधी तीच उडतात. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडी जगातल्या महागड्या गाड्यांपैकी, पण मागे बसलेल्यांनी पट्टा लावलेला नव्हता. आपल्या तेरा वर्षांच्या बोलेरोची काय कथा? पट्टे मोजले तर पाच भरले. म्हणजे माणसे पाच.

घरात बराच वेळ कुणी बोलेना. मग बहीणच म्हणाली, "मी दादा-वहिनीबरोबर रेल्वेने येते. पोरांना मधे बसवा, मागे सामान टाका." ज्या टायरसाठी तिने डोळ्याचे पैसे दिले त्या टायरवर ती बसणार नव्हती. भाच्याचा चेहरा पाहवेना. तो म्हणाला, "आई, मग मी आधी तुम्हाला सोडून परत येतो." तिने त्याला गप्प केले. सामानातली जड पोती खाली, आसनाला टेकून ठेवली. टपावर अंथरुणांखेरीज काही बांधू दिले नाही. उंच गाडीच्या डोक्यावर ओझे चढले की वळणावर ती कलते.

शेवटची अट आमची होती आणि तिच्यावर आम्ही अडून बसलो. भाच्याने बेत केला होता की पाळी सुटली की तसाच निघायचे, म्हणजे रजा वाचते. रात्रभर खोकी उचललेला माणूस सकाळी सरळ, वळण नसलेल्या रस्त्यावर बसवायचा म्हणजे नवे टायर आणि नवे ब्रेक कशाला घातले? एका रात्रीचा पगार बुडाला. तो झोपला.

आम्ही तिघे आदल्या रात्रीच्या देवगिरीने निघालो, पहाटे जालन्याला उतरलो आणि एस.टी.ने सिंदखेडराजावरून मेहकर गाठले. बहीण सारखी फोनकडे पाहत होती. पहाटे पाचला "निघालो" असा निरोप होता. भाच्याला बजावले होते की चालवताना फोन घ्यायचा नाही, दर दोन तासांनी थांबेल तेव्हा सून निरोप देईल. त्या मार्गावर मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे, आमच्या गाडीला आम्ही ८० ची दिली होती. आठच्या सुमारास निरोप आला, "इगतपुरीचा बोगदा झाला, आजी झोपली." दहाला, "थांबलो, टायर हाताने पाहिले, कोमट आहेत." बारा वाजून गेले, निरोप नाही. सव्वाबारा. साडेबारा. गावच्या घराच्या ओट्यावर बहीण उठे, बसे. आम्ही पेपर उघडून बसलो होतो, एक ओळ वाचली असेल तर शपथ.

पाऊण वाजता रस्त्यावर धूळ उठली.

मेहकरच्या अलीकडे चहाला थांबले होते आणि मोबाइल उतरला होता, बस, इतकेच. माय पुढच्या आसनावर पट्टा लावून ताठ बसली होती. भाच्याने दार उघडले, तरी ती उतरेना. तिला वाटले पट्टा सोडायला सांगतील तेव्हाच सोडायचा. सुनेने सोडला. माय दोघांच्या आधाराने खाली उतरली आणि घराच्या कुडाला हात लावून उभी राहिली.

बहीण मात्र आधी गाडीला वळसा घालत होती. एकेका चाकापाशी वाकून तळहात टेकवत होती. माय तिकडे पाहून म्हणाली, "ते काय चाचपतीस बाई? पोरायले पाणी दे आधी."